बेचाळीस वजा सतरा

शाळा सुटून तास उलटला आहे. मैदानावरची धूळ खाली बसली आहे, पोषण आहाराची भांडी घासून पालथी घातली आहेत आणि या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात बाई एक वही उघडून बसल्या आहेत. उद्याचा पाठ कसा घ्यायचा हे आधी लिहून काढण्याच्या या वहीला शिक्षकांच्या बोलीत टाचण म्हणतात. उद्या तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी सुरू व्हायची आहे. पानाच्या वरच्या ओळीत बाईंनी उदाहरण मांडले आहे, ४२ वजा १७, आणि त्याखाली उत्तर लिहिले आहे ३५.

हे उत्तर चुकीचे आहे आणि ते बाईंनी समजून-उमजून लिहिले आहे. दोनातून सात जात नाहीत हे लक्षात येताच अनेक मुले आकडे मनातल्या मनात उलटे करतात, सातातून दोन काढून पाच मांडतात, मग चारातून एक काढून तीन मांडतात आणि पस्तीस हे उत्तर पूर्ण खात्रीने सांगतात. उद्या हे उत्तर कोणाकडून येण्याचा संभव आहे, त्या मुलांची नावे बाईंनी समासात पेन्सिलीने टिपली आहेत. त्यांच्यासाठी खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून, दहा-दहांचे गठ्ठे बांधून ठेवले आहेत. ही तयारी वरवर पाहता क्षुल्लक वाटेल; परंतु मूल नेमके कुठे अडखळेल याचा विचार आदल्या दिवशी तोच शिक्षक करतो, ज्याला ते मूल तिथून पुढे जाईल याची खात्री असते. ज्या मुलावर आपण मनातून ‘ढ’ असा शिक्का मारून मोकळे झालो, त्याच्या चुकीसाठी काड्या मोजून ठेवायला कोणी बसत नाही.

नियोजन आणि अपेक्षा या दोन गोष्टी प्रशिक्षण वर्गांत वेगवेगळ्या तासिकांना शिकवल्या जातात. प्रत्यक्ष कामात मात्र त्या एकमेकींपासून सुट्या करता येत नाहीत. हे महाराष्ट्रात कोणी सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले असेल, तर ते डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे काम करणाऱ्या दोन शिक्षिकांनी.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांचे वय ५३ वर्षांचे होते. गुजरातमधील भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या उभारणीत त्यांचा वाटा होता आणि मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार चालवले होते. शहरात नाव झाल्यानंतर, उतारवयाकडे झुकताना, त्या खेड्यात जाऊन नव्याने सुरुवात करण्यास सिद्ध झाल्या. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ तेव्हा ३५ वर्षांच्या होत्या. बालपणीच लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य वाट्याला आलेल्या अनुताईंनी स्वतःचे शिक्षण जिद्दीने पुरे केले होते आणि पुण्यातील हुजूरपागेत अध्यापन केले होते.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने हवी होती ती दलित वस्तीतील मुले तिथपर्यंत पोहोचत नव्हती. अशा वेळी ‘या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणे सर्वांत सोपे असते आणि तो निष्कर्ष आजही शिक्षकांच्या बैठकांतून ऐकू येतो. या दोघींनी दोष आपल्या आखणीत शोधला. मूल बालवाडीत येत नसेल, तर बालवाडीने मुलाच्या अंगणात गेले पाहिजे, असे ठरवून त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच अंगणात मुलांना जमवून वर्ग भरवू लागल्या. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना या प्रयोगातून रुजली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हाच शब्द भारतभर पोहोचला.

मुलांनी वस्तू हाताळत शिकावे, हा या कामामागच्या मॉन्टेसरी पद्धतीचा विचार; पण तिचे साधनसाहित्य महाग होते आणि बाहेरून आणावे लागे. बोर्डीला समुद्र आहे, म्हणून शंख-शिंपले आले. त्यांच्या जोडीला बिया, दगडगोटे, पाने आणि माती आली. शिंपल्यांची मोठ्यापासून लहानापर्यंत रांग लावणारे मूल क्रम शिकते, बियांच्या राशी वेगळ्या करणारे मूल वर्गीकरण शिकते. मूळ पद्धतीतील विचार कायम ठेवून केवळ वस्तू बदलल्या होत्या. यासाठी प्रत्येक वस्तू मुलाच्या हाती देण्यापूर्वी तिच्यातून काय शिकता येईल, याचा बारकाईने विचार झालेला असावा लागतो. स्वस्त साहित्य म्हणजे कमी तयारी, असा समज आपल्याकडे आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, कारण तयार साहित्याच्या मागे दुसऱ्या कोणीतरी आधीच विचार केलेला असतो, तर शिंपल्याच्या मागचा सारा विचार शिक्षिकेला स्वतःच करावा लागतो.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूचे पाडे वारली आदिवासींचे. शाळेच्या वयाची मुले गुरे राखायला जात आणि मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढी. या प्रत्येक अडचणीला इथे आखणीतून उत्तर मिळाले. धाकटे भावंड पाळणाघरात राहिले तर बहीण शाळेत बसू शकेल, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी उभी राहिली. गुराखी मूल कुरण सोडू शकत नव्हते, म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि त्या शाळेला कुरणशाळा हे नाव मिळाले. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत, पाने, खडे आणि काटक्या यांच्या साहाय्याने गणित, भाषा आणि निसर्गज्ञान शिकवणे हे वर्गातल्या अध्यापनापेक्षा अवघड आहे, कारण तिथे भिंती नाहीत, घंटा नाही आणि मुलाचे अर्धे लक्ष न्याय्यपणे गुरांकडे असते. तरीही वाचणे, लिहिणे, हिशेब करणे या अपेक्षा कुरणात आहे म्हणून खाली आणल्या गेल्या नाहीत. वेळ, जागा, साहित्य, शिकवण्याचा क्रम हे सारे बदलले आणि मुलाने कुठवर पोहोचायचे ते मात्र बदलले नाही. आमच्या मते कोसबाडचे खरे मोठेपण इथे आहे. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री देऊन या कामाचा गौरव झाला.

अपेक्षा ही मनातली गोष्ट असली, तरी ती वर्गात दिसते आणि मोजताही येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेंथाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातील एका प्राथमिक शाळेत केलेला प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांना काही मुलांची नावे देऊन, ही मुले यंदा विशेष प्रगती करतील असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ती नावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेली होती. वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतील त्या मुलांची प्रगती इतरांपेक्षा ठळक दिसली. या निष्कर्षांवर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले आणि हा परिणाम किती मोठा असतो याबद्दल मतभेद राहिले, हेही सांगितले पाहिजे. त्याहून अधिक उपयोगी आम्हाला अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचे काम वाटते. वर्गांची ध्वनिमुद्रणे तपासून त्यांनी दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात आणि ज्यांच्याकडून आशा कमी, त्या मुलांसाठी त्याहूनही कमी. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला, तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. म्हणजे ज्या मुलाला विचार करायला अधिक वेळ हवा, त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो आणि हे घडवणाऱ्या शिक्षकाला त्याची जाणीवही नसते.

व्हरांड्यातल्या बाईंच्या वहीत, समासातल्या नावांपुढे, ‘थांबणे’ एवढाच शब्द लिहिलेला आहे.

या तयारीला कायद्यातही जागा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० अध्यापनाचे तास सांगितले आहेत, आणि शिक्षकाच्या आठवड्याच्या ४५ तासांत पूर्वतयारीचा वेळ धरलेला आहे. दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता असताना ऑनलाइन माहिती भरणे, बैठका, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे या वेळाचा घास घेतात. मग टाचण तपासणीपुरते उरते. मार्गदर्शिकेतून उद्दिष्टे उतरवायची, रकाने भरायचे आणि केंद्रप्रमुखांची सही घ्यायची. अशा टाचणात ३५ हे उत्तर कधीही सापडणार नाही. शिक्षकाकडून उत्तम अध्यापनाची अपेक्षा ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्याच्या तयारीचा तास राखून ठेवणे, ही त्या अपेक्षेची पहिली अट आहे, आणि ती आपण पाळत नाही.

दुसऱ्या दिवशी परिपाठ संपतो. चौथीची मुले गटाने वाचायला बसतात आणि तिसरीसाठी फळ्यावर उदाहरण येते. मागच्या रांगेतून उत्तर येते, पस्तीस. बाई ‘चूक’ म्हणत नाहीत आणि हुशार मुलाकडेही वळत नाहीत. त्या मुलापाशी जाऊन बसतात, त्याच्यासमोर चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवतात आणि म्हणतात, “यातल्या सतरा काड्या मला दे पाहू.”

तो एक गठ्ठा देतो. मग दोन सुट्या काड्या देतो. मग थांबतो. बाईही थांबतात. शेजारचा मुलगा उत्तर सांगायला तोंड उघडतो, तेव्हा बाई त्याच्याकडे न पाहता फक्त हात वर करतात. बराच वेळ मुलाची नजर उरलेल्या तीन गठ्ठ्यांवर फिरत राहते.

“बाई, गठ्ठा सोडू का?”

रबर निघते, काड्या फरशीवर पसरतात, पाच मोजून बाईंच्या हातात येतात. मुलासमोर दोन गठ्ठे आणि पाच काड्या उरल्या आहेत. तो त्या दोनदा मोजतो आणि पाटीवरचा पस्तीस स्वतःच पुसतो. बाई साऱ्या काड्या गोळा करून पुन्हा गठ्ठे बांधतात आणि या वेळी त्याच्यासमोर सहा गठ्ठे ठेवतात. सुटी काडी एकही नाही.

“आता चोवीस दे.”