वजनकाटा थांबू शकतो

दृश्य : प्रसूतिगृह. भिंतीवरचं घड्याळ, शेजारी बाळाला ऊब देणारा, पेटवलेला वॉर्मर.

बाळ बाहेर आलं, रडलं. आता पुढची दोन मिनिटं ते कुठे जातं, तिकडे लक्ष ठेवा.

बहुतेक ठिकाणी ते वॉर्मरखाली जातं. मग पुसणं, वजन, इंजेक्शन, आणि दुपट्यात गुंडाळून थेट बाहेर थांबलेल्या आजीच्या हातात. वाटेत आईला ओझरतं तोंड दाखवतात. तिचे टाके घालून होईपर्यंत आई आत आणि बाळ बाहेर. यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. कामाचा क्रमच तसा पडून गेलेला असतो.

आई आणि बाळाचं नातं कशानं जुळतं, असं विचारलं की लोक मायेबद्दल बोलतात. प्रसूतिगृहात उभं राहून पाहिलं, तर बराचसा हिशेब या क्रमाचाच निघतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 88.6 टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. पहिल्या तासात अंगावर पाजलेली बाळं मात्र 41.8 टक्केच. म्हणजे बाळंतीण दवाखान्यापर्यंत पोचली, आणि तिथून पुढचं हातभर अंतर राहून गेलं.

दृश्य : आईच्या पोटावर उघडं बाळ, पाठीवर कोरडं कापड.

जन्मल्यावर पहिला तासभर निरोगी बाळ शांत आणि टक्क जागं असतं. वीस-तीस सेंटिमीटरवरचं त्याला बऱ्यापैकी दिसतं. स्तनाला तोंड लावून ते दूध पितं, तेव्हाचं अंतर साधारण तेवढंच. आईचा आवाज त्यानं पोटातच ऐकलेला असतो. आणि नाक तर फारच तल्लख. 1994च्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला, आणि मध्ये बाळाला पालथं घातलं. 30 पैकी 22 बाळं न धुतलेल्या बाजूला वळली. दूध पाजण्याआधी साबणानं छाती धुवायला सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता कृती. खोली 25 अंशांच्या वर, पंखा बंद. बाळ बाहेर येताक्षणी आईच्या पोटावर घ्यायचं आणि कोरड्या कापडानं पाठ, डोकं, पोट पुसायचं. हात पुसायचे नाहीत. गर्भजलाचा वास त्यांवर असतो आणि बाळ त्या वासाच्या मागानं सरकतं. ओलं कापड लगेच काढून टाकायचं, कारण बाळ गारठतं ते बहुधा त्याच कापडानं. डोक्यावर टोपडं, पाठीवर दुसरं कोरडं कापड. नाळ एक ते तीन मिनिटांच्या दरम्यान कापायची. मग थांबायचं. हा थांबण्याचा भाग सगळ्यांत अवघड जातो. बाळ थोडं सरकतं, पडून राहतं, मुठी चोखतं, पुन्हा पाय रेटतं. स्तनापर्यंत पोचायला अर्धा तास ते तास लागतो. मध्येच कुणीतरी मान धरून तोंडात स्तनाग्र कोंबतं, बाळ रडून मागे वळतं, आणि "हिला दूधच नाही" हा शिक्का पहिल्याच तासात बसतो. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक येतो. बाळाला तेवढाच लागतो.

वजनकाटा, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आणि लसी या तासानंतरही चालतात. ज्या बाळाला रडायला किंवा श्वास घ्यायला मदत लागते, त्याचा क्रम अर्थातच वेगळा. आणि छातीवरच्या बाळावर नजर हवीच. नाक मोकळं, मान एका बाजूला, रंग गुलाबी. आई गुंगीत असेल तर शेजारी कुणीतरी जागं बसलं पाहिजे.

दृश्य : शस्त्रक्रियागृह. हिरवा पडदा.

सिझेरियन झालं की हे सगळं बुडालं, असं धरून चालतात. पाठीतून भूल दिलेली आई जागी असते. ईसीजीचे चिकटवलेले तुकडे छातीच्या मधोमध न लावता खांद्याकडे सरकवले, सलाईन डाव्या हाताला लावलं, तर छातीवर बाळ आडवं मावतं. एक परिचारिका त्याला धरून उभी राहिली की झालं. आईला उलटी होत असेल, थंडी वाजून अंग थरथरत असेल, तर तेवढा वेळ वडिलांनी शर्ट काढून बाळ छातीशी घ्यावं. आपल्याकडे बापाला दाराबाहेरच उभं करायची सवय आहे, ती सुटायला हवी.

कमी वजनाच्या बाळाचा प्रश्न जास्त टोकदार. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978च्या सुमारास अशा बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या (इन्क्युबेटर) कमी पडत होत्या, म्हणून डॉ. एदगार रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. बाळ स्थिरावल्यावरच ती सुरू करायची, असा समज पुढे कितीतरी वर्षं होता. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 1 ते 1.8 किलोच्या बाळांना जन्मल्यापासूनच छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शानं घटले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकावी लागली.

बाळ उभं, दोन स्तनांच्या मध्ये, बेडकासारखे पाय फाकवलेलं. मान किंचित मागे. हनुवटी छातीला टेकली की श्वास कोंडतो. एका वेळी निदान तासभर. दहा मिनिटं काढ-घाल केली तर बाळ उलट जास्त गारठतं आणि थकतं.

दृश्य : खिडकीपाशी बसलेली आई. बाळ पाळण्यात.

आता ज्यावर घरात कुणी बोलत नाही, ते. पहिल्यांदा बाळ हातात घेतलं आणि काहीच वाटलं नाही. लंडनमध्ये 1980 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींपैकी सुमारे 40 टक्क्यांनी नेमकं हेच सांगितलं. जास्त वेणा सोसलेल्या किंवा पेथिडीन या वेदनाशामकाची एकाहून जास्त इंजेक्शनं घेतलेल्या बायकांत हे अधिक दिसलं. बहुतेकींना आठवड्याभरात ओढ वाटू लागली. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी जन्मानंतरच्या पहिल्या तासांना असाधारण महत्त्व दिलं होतं. त्याचा एक फायदा झाला, बाळं आयांजवळ राहू लागली. तोटा असा, की तो तास हुकलेल्या बायका उगाच स्वतःला दोष देऊ लागल्या. तास हुकला तर दुसऱ्या दिवशी, आठव्या दिवशी, घरी गेल्यावरही बाळ उघडं करून छातीशी घेता येतं.

माहेरच्या सव्वा महिन्याची रीत इथे कामाची आहे. एक खोली, आई-बाळ एकत्र, वाढलेलं ताट, अळिवाची खीर. पण त्याच खोलीत बाजेखाली धुमसती शेगडी असते, बाळाच्या जिभेवर मध असतो, गुटी असते. धूर दोघांच्या छातीत जातो, मधातून जंतू जाऊ शकतात, आणि वरचं चाटवलं की बाळ स्तन कमी ओढतं. बाळ रडलं की ते सगळ्यांच्या मांडीवर फिरून शेवटी आईकडे येतं, हाही क्रम उलटा करायला हवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू कोसळणं नेहमीचं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. न ओसरलं, झोप उडाली, बाळाकडे पाहवेना, तर तो आजार आहे. गोव्यात एका जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या बायकांच्या अभ्यासात, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, 23 टक्के बायकांना सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्य आढळलं. कारणांत गरिबी होती, नवऱ्याची मारहाण होती, आणि मुलगी झाली हेही होतं. प्रसूतिगृहाच्या दारात "मुलगी झाली" कोणत्या सुरात सांगितलं गेलं, ते बाळंतिणीच्या कानावर पडत असतं.

दृश्य : अंगण. आशाताई पिशवी खाली ठेवते.

आशाताईच्या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन झालं, पाय उबदार आहेत का पाहिलं, की सासूला पाणी आणायला आत पाठवावं, आणि तेवढ्यात आईला विचारावं : बाळ झोपतं तेव्हा तुला झोप लागते का? नाही म्हणाली, तर डॉक्टरांकडे न्यावं, किंवा 14416 या टेली मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर तिथल्या तिथे फोन लावून द्यावा.