शेवटचं अपील

(दृश्य: रात्र. टाइपरायटरची टकटक.)

1923 साल. कॅलिफोर्नियातलं व्हेंचुरा गाव. दिवसभर कोर्टात उभा राहिलेला एक वकील रात्री दोन बोटांनी टाइपरायटर बडवतोय. 'ब्लॅक मास्क' मासिकानं त्याची कथा साभार परत केलीय. सोबत चुकून आलाय कचेरीतला शेरा: कथा किती टाकाऊ आहे, हे सांगणारा. त्यानं तो शेरा शिकवणीसारखा समोर ठेवला आणि तीन रात्री बसून कथा नव्यानं लिहिली. बोटं फुटली, तर त्यांना चिकटपट्टी गुंडाळली. कथा छापून आली.

हा अर्ल स्टॅनली गार्डनर. जन्म 1889, मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डनचा. लॉ कॉलेजात टिकला नाही. वकिलांच्या कचेऱ्यांत राबून 1911 मध्ये सनद मिळवली. ऑक्सनार्डमध्ये चिनी वस्तीतली माणसं त्याच्याकडे खटले घेऊन येत. तो त्यांच्यासाठी जीव तोडून भांडे.

तेव्हा मासिकं शब्दामागे पैसे मोजत. त्याच्या नायकांच्या पाच गोळ्या हुकत, सहावी लागे. प्रत्येक 'ठो'चे तीन सेंट मिळतात, मग गोळ्या शिल्लक कशाला ठेवायच्या, असं तो म्हणायचा.

(दृश्य: डिक्टाफोन, बोललेलं टिपून ठेवणारं यंत्र.)

पुढे टाइपरायटर सुटला. गार्डनर बोलायचा, सेक्रेटरी उतरवून घ्यायच्या. 1933 मध्ये त्याचा वकील नायक पेरी मेसन आला आणि मग 80 हून अधिक कादंबऱ्यांतून तो अशिलांना सोडवत राहिला. या कादंबऱ्यांत वर्णनं थोडकी असतात, पण उलटतपासणी सुरू झाली की पुस्तक खाली ठेवता येत नाही. बोलून लिहिल्याचा हा गुण आहे, असं मला वाटतं.

पण गार्डनरचं माझ्या लेखी सगळ्यात मोठं काम कादंबऱ्यांच्या बाहेरचं आहे.

विल्यम लिंडली या मजुराला खुनाबद्दल मृत्युदंड झाला होता. गार्डनरनं खटल्याची कागदपत्रं मागवली आणि कोण कोणत्या मिनिटाला कुठे होतं, याचा तक्ता मांडला. वेळेचा मेळ बसेना. त्यानं वरपर्यंत पत्रं धाडली. लिंडलीचा मृत्युदंड टळला.

1948 मध्ये 'आर्गसी' मासिकाच्या साथीनं त्यानं 'कोर्ट ऑफ लास्ट रिसॉर्ट' उभं केलं. म्हणजे 'शेवटच्या आशेचं न्यायालय'; खरं कोर्ट नव्हे, जाणकारांचा एक गट. न्यायवैद्यकाचा डॉक्टर, खासगी गुप्तहेर, खोटं पकडण्याच्या यंत्राचा जाणकार अशी माणसं जमवली. ज्यांची अपिलं संपली, पैसे संपले, त्यांचे खटले ही मंडळी पुन्हा तपासणार होती.

सुरुवात झाली क्लॅरेन्स बॉगीपासून. हा लाकूडतोड्या वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगात खुनाची जन्मठेप भोगत होता. जुने साक्षीदार पुन्हा गाठले गेले, जबान्या पडताळल्या गेल्या, मासिकात लेख आले.

(दृश्य: तुरुंगाचं दार.)

बॉगी सुटला. आणि देशभरच्या कोठड्यांतून गार्डनरच्या नावानं पत्रं यायला लागली.