संत्र्याच्या सालीत किती वर्तुळं? पृष्ठफळ आणि घनफळ, फोंड्याहून

नमस्कार. आज फळ्याकडे नंतर जाऊ. आधी हे संत्रं बघा.

(संत्रं मधोमध कापून)

अर्धं संत्रं कागदावर पालथं ठेवलं आणि कडेने पेन्सिल फिरवली. झालं एक वर्तुळ. असंच दुसरं, तिसरं, चौथं. आता दोन्ही अर्ध्यांची साल सोलून बारीक तुकडे करायचे आणि वर्तुळं भरत जायची. एकावर एक तुकडा नको, आणि मध्ये फट नको.

(तुकडे मांडताना)

पहिलं भरलं. दुसरंही. साल उरलीय अजून. तिसरं… आणि हे चौथं. साल संपली! संत्रं अगदी गोल नसतं, साल जाड असते, म्हणून कडेला थोडं कमीजास्त होईल. पण पाच वर्तुळं भरणार नाहीत, आणि तीन भरून ढीगभर सालही उरणार नाही.

एका वर्तुळाचं क्षेत्रफळ पाय आर वर्ग, आर म्हणजे त्रिज्या. चारांचं चार पाय आर वर्ग. हेच गोलाचं पृष्ठफळ, म्हणजे तुमचा सरफेस एरिया. आपल्या गोव्यात बरीच मुलं प्राथमिक मराठीतून शिकतात आणि पुढे एकदम इंग्रजी सुरू होतं. मग सीएसए (कर्व्हड सरफेस एरिया, वक्रपृष्ठफळ), टीएसए (टोटल सरफेस एरिया, एकूण पृष्ठफळ) अशी अक्षरं पाठ होतात आणि अर्थ मागे राहतो. मराठी शब्द सोडू नका. पृष्ठ म्हणजे पाठ, वरची बाजू. जिथे हात फिरवता येतो, रंग लावता येतो, ते पृष्ठ. वक्रपृष्ठफळ म्हटलं की कुठली बाजू मोजायची ते शब्दच सांगतो.

आणि ही चार वर्तुळं काही आजची नाहीत. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’त लिहून ठेवलंय: वर्तुळाच्या क्षेत्रफळाला चाराने गुणा. चार म्हणायला त्यांनी ‘वेद’ हा शब्द वापरलाय, कारण वेद चार. आणि पुढे उपमा दिलीय, ‘कन्दुकस्येव जालम्’, चेंडूभोवतीच्या जाळ्यासारखं. मला ही उपमा फार आवडते. चेंडू वेगळा, त्याच्यावरचं जाळं वेगळं. परीक्षेत घोटाळा होतो तो नेमका इथेच. प्रश्न जाळ्याचा असतो आणि मूल चेंडू मोजून येतं.

मग चेंडूच्या आतलं कसं मोजायचं? त्याच श्लोकात आहे: पृष्ठफळाला व्यासाने गुणा, सहाने भागा. हा सहा आला कुठून? इथे थांबूया, कारण सूत्रांचा तक्ता भिंतीवर लावून घोकून घेणं मला पटत नाही.

संत्र्याचे अगदी बारीक, सुळकेदार तुकडे केलेत असं समजा. प्रत्येकाचं टोक बरोबर मध्यबिंदूवर, आणि बूड सालीला टेकलेलं. म्हणजे झाले चिमुकले सूचिस्तंभ, पिरॅमिड म्हणतो ते. सूचिस्तंभाचं घनफळ म्हणजे बूड गुणिले उंची, त्याचा तिसरा भाग. इथे प्रत्येकाची उंची त्रिज्येएवढी, आणि सगळ्यांची बुडं मिळून अख्खी साल. म्हणून गोलाचं घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले त्रिज्या, भागिले तीन. त्रिज्या म्हणजे अर्धा व्यास, म्हणून व्यास घेतला की तिनाचा सहा होतो. आणि चार पाय आर वर्ग तिथे ठेवलंत की मिळतं चार तृतीयांश पाय आर घन. पाठ करायची गरज राहिली का?

तिसरा भागच का, असं विचाराल. घरी करून बघा. शंकू म्हणजे गोल बुडाचा सूचिस्तंभच. सारखं बूड आणि सारखी उंची असलेले कागदाचे शंकू आणि वृत्तचिती, म्हणजे सिलिंडर, बनवा. शंकू उकड्या तांदळाने काठोकाठ भरून वृत्तचितीत ओता. तीन वेळा ओतल्यावर ती भरते.

आता दहावीतला खरा त्रास, दोन आकार जोडलेले असतात तेव्हाचा. उदाहरण दारातच आहे. आपल्याकडच्या कितीतरी देवळांवर उंच शिखराऐवजी घुमट असतो. घुमटाखालचा भाग बहुतेक अष्टकोनी असतो, पण हिशोबापुरता तो गोल धरू. म्हणजे वृत्तचिती, तिच्यावर अर्धगोल. त्रिज्या २.१ मीटर, वृत्तचितीची उंची २ मीटर. रंगाऱ्याला किती चौरस मीटर रंगवायचंय?

वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ दोन पाय आर एच, २६.४. अर्धगोलाचं दोन पाय आर वर्ग, २७.७२. बेरीज ५४.१२ चौरस मीटर.

पण पुष्कळ मुलं दोन्हींचं एकूण पृष्ठफळ घेतात. वृत्तचिती ५४.१२, अर्धगोल ४१.५८, एकूण ९५.७०. ४१.५८ जास्त आले. हे जास्तीचे म्हणजे १३.८६ची तीन वर्तुळं. वृत्तचितीचं वरचं झाकण आणि अर्धगोलाचं सपाट बूड एकमेकांना चिकटलंय, तिथे ब्रश जाणार कसा? तिसरं वर्तुळ वृत्तचितीच्या बुडाचं, ते देवळाच्या छपरावर बसलंय. घनफळाला ही अडचण नाही. दोन्हींची घनफळं सरळ मिळवा, चिकटल्याने आतली जागा कमी होत नाही. चिकटल्यावर हरवतं ते फक्त पृष्ठ.

शेवटी मंगेशीला चला. तिथला दीपस्तंभ सात मजली आहे, वरवर निमुळता होत गेलेला. त्याचं साधं चित्र काढा: प्रत्येक मजला सरळ भिंतीचा, खालच्यापेक्षा लहान. प्रत्येक मजल्यावर भोवती एक सपाट कड उघडी राहते. सहा कडा, आणि सगळ्यात वरचा माथा. या सपाट भागांची बेरीज करायला सात वेगवेगळ्या त्रिज्या लागतील?

नाही लागणार. मनाने वर जा आणि सरळ खाली बघा. कडा एकमेकींना लागून बसलेल्या दिसतील, मध्ये माथा. सगळं मिळून बरोबर तळमजल्याएवढं.