शुद्धीत नव्हता म्हणून सोडून द्यायचं का?

नमस्कार मंडळी! आज एक वाक्य घेऊ जे आपल्याकडे कुठल्याही भांडणानंतर कोणीतरी म्हणतंच, "अहो जाऊ द्या, शुद्धीत नव्हता तो." आता शुद्धीत नव्हता म्हणजे दोष नाही का? फ्री विल, म्हणजे आपण खरंच स्वतःच्या इच्छेने वागतो का, हा विषय निघाला की सगळे तो मेंदूशास्त्रज्ञ लिबेटचा 1983 चा प्रयोग काढतात, त्यात लोकांना मनाला येईल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं आणि दिसलं की आपण ठरवायच्या आधीच मेंदूत हालचाल सुरू होते वगैरे. मी तो घेणार नाहीये, कारण मनगट हलवणं आणि कोणाचा जीव घेणं यात मला तरी बरंच अंतर दिसतं.

त्यापेक्षा कॅनडाची केस बघा. 1987, टोरंटोजवळ. केनेथ पार्क्स, वय 23, जुगारात बुडालेला, पैशांच्या अफरातफरीत नोकरी गेलेली, झोपेचं पार खोबरं झालेलं. एका रात्री हा सोफ्यावर झोपला, झोपेतच उठला, गाडी काढली, 23 किलोमीटर चालवत सासुरवाडीला गेला आणि सासूला ठार मारलं, सासरे कसेबसे वाचले. मग स्वतःच पोलीस स्टेशनात हजर, मी बहुतेक माणसं मारलीयेत म्हणून, आणि स्वतःचे हात एवढे खोल कापलेले तरी त्याचं त्याला काही नाही. सासूशी वैर? उलट चांगलं जमायचं. घराण्यात झोपेत चालायचा त्रास होता, डॉक्टरांनी तशी साक्ष दिली, ज्युरीने सोडलं आणि 1992 मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं.

आता आपल्याकडचा 1956 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, बासदेव विरुद्ध पेप्सू, पेप्सू म्हणजे तेव्हाचं पतियाळाकडचं राज्य. लग्नघर, दुपारची पंगत, लष्करातला निवृत्त जमादार, भरपूर प्यायलेला. पंधरा-सोळा वर्षांच्या एका पोराला म्हणाला जरा सरक, पोरगा सरकला नाही, याने पिस्तूल काढून पोटात गोळी घातली. बस, एवढंच कारण! झोकांड्या जात होत्या हे कोर्टानेही मानलं, पण चालत होता, बोलत होता, नंतर पळायलाही बघत होता, त्यामुळे खुनाची शिक्षा कायम.

मग दोघांत फरक काय? गोळी झाडताना जमादाराचा ताबा सुटला होता असं घटकाभर धरू. पण पेला उचलताना? तेव्हा तो शुद्धीतच होता ना, आणि जवळ पिस्तूल आहे हेही माहीत होतं. पार्क्सच्या बाबतीत मागे मागे जात राहा, असा क्षणच सापडत नाही. आपला कायदाही असंच मागे जाऊन बघतो. कोणी फसवून पाजलं आणि आपण काय करतोय हेच कळत नव्हतं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 23 वाचवतं, पण स्वतःहून प्यायलात तर कलम 24, म्हणजे न पिणाऱ्याला जेवढी जाण असती तेवढी तुम्हाला होती असंच धरून चालणार.

मला खटकतं ते कलम 22, मनोरुग्णांचं. ते विचारतं, करताना कळत होतं का? आवरता येत होतं का, हे विचारतच नाही. ज्याला सगळं कळतं पण वळत नाही, असा माणूस मग त्यात बसतच नाही. आणि वीस वर्षं पिणाऱ्याचा आजचा पहिला पेला कितपत "स्वतःहून" म्हणायचा? माझं मत, थोडाफार तरी म्हणायचाच, पण पहिल्या वर्षाइतका नाही, आणि शिक्षा ठरवताना हे धरायला हवं. आवरता येत नव्हतं आणि आवरलं नाही यातलं अंतर कोर्टाने मोजायचं कसं, हे मात्र मलाही सांगता येणार नाही.

पार्क्सला मी पण सोडलं असतं. फक्त तो कुठलीही अट न लावता सुटला, तिथे मी अडलो असतो. कारण त्या रात्रीपर्यंत त्याला अशी कल्पनाही नव्हती, पण आता आहे ना, त्यामुळे यापुढे गाडीची किल्ली उशाशी ठेवून झोपला आणि पुन्हा तसंच काही घडलं, तर मी नाही सोडणार. तुम्ही काय कराल, कमेंटमध्ये सांगा.