इतर कोणतं कारण असल्यास

(रात्र. सदाशिव पेठ, पुणे. अभ्यासिकेच्या जिन्यात चपलांचा ढीग.)

रात्रीचा एक वाजलाय. या जिन्यातल्या चपला बघा, जवळजवळ सगळ्या मुलांच्या. संध्याकाळी आत मुलीही होत्या. नऊ वाजायला आले तशा बॅगा भरल्या गेल्या. कुणाला वसतिगृहाचं गेट गाठायचं होतं, कुणाला कॉट बेसिसवर राहते तिथल्या मालकीणबाईंना उत्तर द्यायचं होतं.

अभ्यास मात्र संपलेला नाही. तो खोलीवर गेला. चौघींच्या खोलीत एकीचं सकाळी सातला प्रॅक्टिकल, दुसरीचं उद्या सबमिशन. दिवा ठेवायचा की घालवायचा? मग पांघरुणात, मोबाइलच्या उजेडात जर्नल पूर्ण होतं. जागी एकच असते, झोपेचं खोबरं चौघींच्या.

(छापील प्रश्नावली, जवळून.)

झोप कशी लागते हे मोजायला जगभरच्या विद्यापीठांत एक प्रश्नावली वापरतात. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तयार झालेली, १९८९ सालची. गुण ० ते २१. पाचाच्या वर गेलात, तर झोप चांगली नाही असं धरतात. रात्री जाग कशाने येते, याची कारणंही छापलेली आहेत: बाथरूमला जावं लागणं, खोकला, थंडी, उकाडा, वाईट स्वप्नं, दुखणं. आणि शेवटी एक मोकळी ओळ. इतर कोणतं कारण असल्यास लिहा.

आम्ही या ओळीपाशी थांबलो.

कारण इथे एक कोडं आहे. २००६ साली अनेक देशांतल्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा निद्रानाशाचा धोका बायकांमध्ये पुरुषांच्या सुमारे १.४ पट निघाला. पण प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी मोजल्या, की बायकांची झोप पुरुषांपेक्षा कमी भरत नाही, बरेचदा थोडी जास्तच भरते. आम्हाला वाटतं, प्रयोगशाळेतली ती खोलीही लक्षात घ्यायला हवी. तिथे पहाटे पाण्यासाठी उठायचं नसतं. कडी नीट लागली का, हे दोनदा बघायचं नसतं.

शरीराचा वाटा आहेच. पाळीच्या दिवसांतलं दुखणं आहे. रक्तात लोह कमी असलं, तर अंथरुणावर पडल्यावर पोटऱ्यांत वळवळ सुरू होऊ शकते. पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता, पुरुषांत २५ टक्क्यांना.

(पहाट. एका घरातलं स्वयंपाकघर.)

घरून ये-जा करणारीचा दिवस गॅसपाशी सुरू होतो. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, अशा पुरुषांची ९७. भाऊही त्याच कॉलेजात असेल, तर आई हिला म्हणते, "झोपू दे गं त्याला, रात्री जागलाय."

आणि तो खरंच जागलेला असतो. विशीच्या आसपास मुलांच्या शरीराचं घड्याळ मुलींपेक्षा उशिरा चालतं. रात्री दोनला चहा, सकाळी बुडालेलं लेक्चर, चुकलेला नाश्ता. काही जण रात्रपाळी करून शिकतात. झोप येत नाही, हे मात्र मुलगा सहसा कुणाला सांगत नाही. त्याची मोकळी ओळ कोरीच राहते.

सुरक्षिततेची सबब पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत लिहिलेलं आहे. स्पष्ट लिहिलेलं आहे. तरी नऊ वाजता खुर्च्या रिकाम्या होतात.

(सकाळ. विद्यापीठाकडे जाणारी बस.)

तो खिडकीच्या काचेला डोकं टेकवून गाढ झोपलाय. पलीकडच्या बाकावर तिचाही डोळा लागलाय. बॅगेचा पट्टा मनगटाला दोन वेढे गुंडाळलेला, आणि प्रत्येक थांब्याला ती डोळे उघडून बघते.