एक घंटी, दोन घंटी : खेड्यातल्या एसटीचा प्रवास

(निवेदन)

[पहाट. देवळासमोर उभी मुक्कामी गाडी. ड्रायव्हर समोरची काच पुसतो आहे.]

यवतमाळ जिल्ह्यातलं एका टोकाचं गाव. रात्री मुक्कामाला आलेली एसटी अजून अंधारातच आहे. ड्रायव्हरनं रेडिएटरचं पाणी पाहिलं. ऑइलची पट्टी ओढून फडक्यानं पुसली, पुन्हा घालून पाहिली. आता लोखंडी टॉमी घेऊन तो एकेक चाक ठोकतो आहे. मागं दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात. त्यातलं आतलं चाक बसलं असलं तरी बाहेरच्या चाकामुळं ते नजरेला येत नाही, आवाजावरूनच ओळखावं लागतं. भरलेलं चाक टणक वाजतं, उतरलेलं भद्द वाजतं.

[इंजिन सुरू. डॅशबोर्डवरचा काटा जवळून.]

इंजिन सुरू झालं, पण गाडी लगेच हलणार नाही. एसटीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीच्या टाकीतली हवा उतरलेली असते. ती पुन्हा भरून हा काटा वर येईपर्यंत गाडी हलवणं म्हणजे ब्रेकशिवाय निघणं. नेमकी याच वेळी मागून हाक येते, "चला ना जी, काऊन थांबले?" घाई करू नका. सामान लावायला, जागेवर बसायला, पैसे हातात काढून ठेवायला ही मिनिटं फार मोलाची आहेत.

महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. आज विदर्भातल्या अकरा जिल्ह्यांची एसटी नऊ विभागांतून चालते. गोंदियाचा कारभार भंडारा विभागात आहे, वाशिमचा अकोल्यात. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची शकुंतला रेल्वे बंद पडली. तेव्हापासून या पट्ट्यातल्या अनेक गावांना तालुक्याला न्यायला सरकारी म्हणावी अशी ही एकच गाडी उरली आहे.

[तालुक्याचं बसस्थानक. फलाटावर लागणाऱ्या गाड्या, पाट्या.]

पाटीवर शेवटचं गाव मोठ्या अक्षरात असतं. बहुतेक जण तेवढंच वाचून धावतात. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं 'मार्गे' वाचायचं राहून जातं, आणि आपलं गाव नेमकं तिथं असतं. यवतमाळहून वर्धेला जायचं, तर कळंब आणि देवळी वाटेत येतात. पण गाडी जलद असेल तर वाटेतल्या प्रत्येक फाट्यावर ती थांबेलच असं नाही. म्हणून चढण्याआधी एक प्रश्न विचारायचाच: "गावात जाते का फाट्यावर सोडते?" फाट्यापासून गाव तीन-चार किलोमीटर आत असलं, हातात बोजा असला, वर मे महिन्याचं ऊन असलं, की या प्रश्नाची किंमत कळते.

गावाचं नाव पूर्ण सांगा. सावंगी, पिंपरी, वडगाव, खैरी ही नावं विदर्भात तालुक्यातालुक्यात आहेत. 'सावंगी' एवढ्यानं भागत नाही. वर्धेजवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं असेल तर 'सावंगी मेघे' म्हणा. तिकीट चुकीच्या टप्प्याचं निघालं की भांडण कंडक्टरशी होतं, पण चूक बहुधा अर्धवट सांगितलेल्या नावाची असते.

[गाडी लागते. दाराशी गर्दी. खिडकीतून आत पडणारे रुमाल, दुपट्टे, दप्तरं.]

हे चित्र प्रत्येक स्टँडवर दिसतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता येत नाही. आरक्षणाचं तिकीट असेल किंवा वर राखीव लिहिलेलं असेल तेवढीच जागा धरलेली, बाकीची बसेल त्याची. महिला, दिव्यांग आणि ज्येष्ठांसाठीच्या राखीव जागा खिडकीवर रंगवलेल्या असतात. ज्यांची जागा आहे ते आले की उठायचं, त्यांना मागायची वेळ आणू नये.

खरी अडचण दाराची आहे. साध्या गाडीला चढायला-उतरायला दार एकच. आतले उतरायच्या आधी बाहेरचे पायरीवर चढले की दोन्ही बाजू अडतात. आधी उतरणारे, मग लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं, मग बाकीचे, या क्रमानं गाडी लवकर भरते. चढलेल्यानं दारात थबकू नये, मागं सरकत जावं. गाडीत मागं जागा रिकामी आणि दारापाशी वीस माणसं, हे दृश्य रोजचं आहे. 'मला पुढच्याच फाट्यावर उतरायचं' असं त्यातल्या प्रत्येकाचं म्हणणं असतं.

[कंडक्टरचं मशीन जवळून. निघणारं तिकीट. चिल्लर मोजणारे हात.]

तिकिटं फाडण्याच्या या कामाला कंडक्टर बुकिंग म्हणतात. भाडं टप्प्यावर मोजतात, आणि एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. दर टप्प्याला मशीनमध्ये टप्पा बदलावा लागतो, आणि तो बदलायच्या आत मागच्या थांब्यावर चढलेल्या सगळ्यांची तिकिटं व्हायला हवीत. गर्दी दारात अडकली, कुणी पाचशेची नोट काढली, कुणी थैल्यात हात घालून पाकीट शोधत बसलं, की बुकिंग मागं पडतं. मग ड्रायव्हरला गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन उभी करावी लागते. तिथं गेलेली पाच-सात मिनिटं पुढच्या प्रत्येक फाट्यावर उभ्या असलेल्यांच्या नशिबी येतात.

२५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. रकमा आता नेहमी पाच-दहाच्या येत नाहीत, त्यामुळं एक-दोन रुपयांची चिल्लर जवळ असलेली बरी. मोबाईलवरून क्यूआर कोडनं पैसे देता येतात, पण ते नेटवर्क असलेल्या ठिकाणी, म्हणजे गाडी स्टँडवर उभी असतानाच द्या. जंगलाच्या पट्ट्यात शिरल्यावर पैसे खात्यातून जातात आणि मशीनला मात्र कळत नाही.

[पांढरा पटका बांधलेले बाबाजी खिशातून आधार कार्ड काढताना.]

वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मं भाडं, त्यात वयाची अट नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा चढण्याआधीच हातात ठेवावा.

मोफत प्रवास करणाऱ्यालाही तिकीट मिळतं, ते शून्य रुपयाचं. अनेक आजी-आजोबा 'आपलं फुकट आहे' म्हणून ते घेतच नाहीत, आणि गर्दीत ते राहूनही जातं. ते मागून घ्या. या तिकिटांच्या हिशेबावर शासन महामंडळाला सवलतीची रक्कम देतं, आणि त्या फेरीला किती माणसं होती हेही त्यातूनच मोजलं जातं. बाबाजी गाडीत बसले पण तिकीट निघालं नाही, तर कागदावर त्यांची जागा रिकामीच राहिली.

आणखी एक गोष्ट. ज्येष्ठांची आणि महिलांची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते. पांढरकवड्याहून तेलंगणातल्या आदिलाबादला निघालेल्या गाडीत पैनगंगेच्या पलीकडचं भाडं पूर्ण लागतं.

[खिडकीतून येणारं ऊन. ओढणीनं तोंड झाकलेल्या बाया.]

उन्हाळ्यात बाजू पाहून बसा. पांढरकवड्याहून हिंगणघाट मार्गे नागपूर म्हणजे सरळ उत्तरेकडे. सकाळी जाताना ऊन उजवीकडून येतं. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला, तेव्हाही ऊन उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा डावीकडची जागा सावलीची. गाडी लागणाऱ्यांनी, गरोदर बाईनं आणि कमरेचं दुखणं असलेल्यांनी शेवटच्या बाकावर बसू नये. मागच्या चाकाच्या पलीकडे गाडीचा जो भाग असतो तो खड्ड्यात सगळ्यात जास्त आपटतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या जागा त्यातल्या त्यात बऱ्या.

[बाजाराचा दिवस. चुंगड्या, टोपली, दोरीनं बांधलेले विळे.]

सामान चालण्याच्या वाटेत ठेवू नका, गाडी उलटल्यास बाहेर पडायची वाट तीच असते. विळा, पावशी, कुऱ्हाड यांची धार पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून बाकाखाली आडवी ठेवा. पेट्रोल-डिझेलची कॅन गाडीत चालतच नाही. कृषी केंद्रातून घेतलेली फवारणीच्या औषधाची बाटली भाजीच्या किंवा किराण्याच्या थैल्यात ठेवणं फार धोक्याचं आहे. खड्ड्यांच्या हिसक्यांनी झाकण सैल होतं, औषध पाझरतं, आणि घरी गेल्यावर तोच भाजीपाला चुलीवर जातो. बाटली घेताना झाकण हातानं आवळून पाहा. ती वेगळ्या प्लास्टिकच्या पन्नीत गाठ मारून, बादलीत उभी ठेवा.

[खिडकीबाहेर झुकलेला माणूस. मागच्या खिडकीत बसलेली शाळकरी पोरगी ओढणीनं गाल पुसते.]

सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन खिडकीतून थुंकलं की वारा ते मागच्या खिडकीत नेऊन टाकतो. खर्र्याची पन्नी बाकाच्या फटीत जाते, आणि ती काढणारा सफाई कामगार आगारात रात्री एकेका बाकाखाली वाकतो. गाडीत खर्रा नको, एवढंच.

कोपर खिडकीबाहेर नको. हे रस्ते एकपदरी आहेत. कापसाच्या दिवसांत समोरून येणाऱ्या गाडीच्या दोन्ही बाजूंना भरगच्च गठ्ठे निघालेले असतात, आणि कडेच्या बाभळी थेट काचेला घासतात.

[दोरी ओढणारा हात. घंटीचा आवाज.]

एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. ही दोरी कंडक्टरची आहे. आपला थांबा यायच्या आधी त्याला सांगा, तो घंटी देईल. एक थांबा आधी उठून दांड्याला धरत दाराकडे सरका, पण गाडी पूर्ण थांबेपर्यंत पायरीवर उतरू नका. उभ्यानं प्रवास करताना पाय थोडे फाकवून, एक हात बाकाच्या कडीला. हवेचा ब्रेक अचानक लागतो, दोन्ही हातांत थैले असतील तर सावरता येत नाही.

उतरल्यावर गाडीच्या समोरून रस्ता ओलांडू नका. उंच बसलेल्या ड्रायव्हरला बोनेटखालचं लहान पोर दिसत नाही. शिवाय थांबलेल्या एसटीला बाजूनं काढणारा दुचाकीवाला गाडीआडून येणारं माणूस पाहू शकत नाही. गाडी जाऊ द्या, रस्ता दोन्हीकडं दिसू द्या, मग ओलांडा. माणसं दगावली आहेत ती इथंच.

[फाट्यावर शाळेच्या गणवेशातल्या मुली. पुढं निघून जाणारी काळीपिवळी.]

२०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संपामुळं एसटी जवळपास थांबली होती. त्या महिन्यांत गावं काळीपिवळीवर, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपवर आली. काळीपिवळी दारातून नेते हे खरं, पण तिच्यात मुलींचा पास चालत नाही. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना एकतृतीयांश भाड्यात पास मिळतो. २०२४ पासून पास शाळेतच देण्याची सोय झाली आहे, मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. फेरीचं भारमान, म्हणजे जागांच्या मानानं बसलेली माणसं, सतत कमी दिसलं की ती फेरी बंद होते, आणि तिच्यासोबत काहींची शाळाही.

[ग्रामपंचायतीसमोरची मोकळी जागा. मागं घेत वळणारी गाडी, शिटी वाजवणारा कंडक्टर.]

फेरी सुरू करायची किंवा वेळ बदलून घ्यायची असेल, तर ग्रामसभेचा ठराव आगार व्यवस्थापकाच्या नावानं द्यायचा. त्यात शाळा भरायची आणि सुटायची वेळ लिहा. पासधारक मुलामुलींची संख्या मुख्याध्यापकांच्या सहीनं जोडा. आठवडी बाजाराचा दिवस टाका. रस्त्यावर कुठं पूल खचला आहे, पावसाळ्यात कुठल्या नाल्याला पाणी चढतं, तेही लिहा. आणि गाडी वळवायची जागा नक्की कोणती, ते सांगा. तिथं सोयाबीन वाळत घातलं असेल किंवा ट्रॅक्टर उभा असेल, तर रात्री आलेल्या ड्रायव्हरला अंधारात शिटीवर गाडी मागं घ्यावी लागते, आणि दोन-तीनदा असं झालं की तो गाडी फाट्यावरूनच परत नेतो. अर्जाच्या दोन प्रती करा. एका प्रतीवर आगारात शिक्का आणि तारीख घेऊन ती ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावा.