रोनाल्डो आपल्या घरी राहत नाही

(परदेशातल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी!

सेक्रेटरींनी 'प्रसिद्ध व्यक्तींच्या सवयी आणि आपलं आरोग्य' हा विषय दिला तेव्हा मी लगेच हो म्हटलं, कारण दुसऱ्याच्या सवयींवर बोलायला आपल्यापैकी कोणालाच तयारी लागत नाही. समोर आपली डेंटिस्ट मंडळी बसलीयत, त्यांनी कृपया माझ्या तोंडात न डोकावता नुसतं ऐकावं.

तर झालं असं, की आमच्याकडे रात्रीच्या ब्रशवरून रोजची वादावादी. परवा मी चिरंजीवांना, वय वर्षं नऊ, जरा मोठंच लेक्चर दिलं, की बघ तुझा रोनाल्डो, 2021 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत पत्रकारांसमोर बसला, समोर कोलाच्या बाटल्या मांडलेल्या, त्याने त्या सरळ बाजूला सारल्या आणि पाण्याची बाटली उचलून दाखवली, असं असतं शरीर सांभाळणं वगैरे वगैरे. पोरगा शांतपणे म्हणाला, "पण बाबा, रोनाल्डो आपल्या घरी राहत नाही ना. तू राहतोस." त्याची आई शेजारीच उभी होती, ती इतकी हसली की लेक्चर तिथेच आटोपलं. माझ्या हातात त्या वेळी काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग वाद जिंकायचाच म्हणून मी थोर लोकांच्या दातांबद्दल वाचायला बसलो. फजिती बघा, थोर लोकांचे दात आपल्यापेक्षा वाईट! इंग्लंडची पहिली एलिझाबेथ राणी, 1598 मध्ये एका जर्मन प्रवाशाने तिला पाहिलं आणि लिहून ठेवलं की दात काळे आहेत, इंग्रज साखर फार खातात त्याचा परिणाम. तेव्हा साखर महाग होती, म्हणजे किडके दात हे श्रीमंतीचं लक्षण. जॉर्ज वॉशिंग्टन 1789 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. ती लाकडी कवळीची गोष्ट खोटी, त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, धातू आणि चक्क माणसांच्या दातांच्या होत्या. आणि हा गृहस्थ ब्रश आणि दंतमंजन नियमित वापरणारा, बरं का.

फ्रॉइडचं तर ऐकवत नाही. जगाला मनातलं ओळखायला शिकवणारा माणूस, पण सिगार काही सुटली नाही. 1923 मध्ये तोंडाचा कॅन्सर निघाला, पुढच्या सोळा वर्षांत तीसच्या वर शस्त्रक्रिया, तोंडात कृत्रिम टाळू, आणि तरी सिगार चालूच. आपल्या शरद पवारांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय, की तंबाखूबद्दल चाळीस वर्षांपूर्वी कोणीतरी सावध करायला हवं होतं. राजकारण बाजूला ठेवा, ते वाक्य मात्र ठेवा.

आता तुम्ही म्हणाल हे जुने लोक, हल्लीचे खेळाडू बघा. बघितले. 2019 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी ब्रिटनचे 352 अव्वल खेळाडू तपासले. 94 टक्के दिवसातून दोनदा ब्रश करणारे, म्हणजे या हॉलपेक्षा कितीतरी पुढे. तरीही जवळजवळ निम्म्यांच्या दातांत उपचार न केलेली कीड सापडली! कारण 87 टक्के लोक स्पोर्ट्स ड्रिंक घेणारे, शिवाय ते एनर्जी जेल, ते एनर्जी बार, दिवसभर थोडं थोडं चालूच.

हे थोडं थोडं वालं प्रकरण मला आधी कळलंच नव्हतं. साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती किती वेळा तोंडात गेली यालाही महत्त्व आहे. दातांवरचे जंतू साखर खाऊन ॲसिड करतात, ते दाताच्या वरच्या कवचातली खनिजं विरघळवतं, आणि मग लाळ हळूहळू सगळं सावरून घेते, त्याला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. दर वीस मिनिटांनी एक घोट घेतला तर लाळेने सावरायचं कधी? (गोड चहाचा मग घेऊन तासन् तास मीटिंगला बसणाऱ्यांनी इकडेतिकडे बघू नये, मी पण त्यातलाच.) आणि झोपेत लाळ फारच कमी सुटते, म्हणून रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, नंतर नुसतं थुंकायचं, खळाखळा चूळ भरून ती पेस्ट धुऊन टाकायची नाही. हे शेवटचं सांगितल्यावर आमच्या घरात दुसरं भांडण झालं.

आणि आपलं मंडळ काय करतं? कार्यक्रम साडेसातचा म्हणून नऊला सुरू, गोड अकराला, पोरं गाडीत झोपतात, तशीच उचलून गादीवर. वर दात दुखला की आपण "सुट्टीत मायदेशी गेलो की बघू". अहो, कीड काय सुट्टीची वाट बघत बसते का? डायबेटिस असलेल्यांनी तर हिरड्या अजिबात अंगावर काढू नयेत, हिरड्या बिघडल्या की साखर बिघडते आणि साखर बिघडली की हिरड्या. टरफलं उचलणार नाही हे आपल्याला तोंडपाठ, पण त्याच टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तब्येत कमवण्यात घालवलं हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

माझ्या मुलाच्या वाक्यावर मी रागावू शकत नाही, कारण मोठमोठ्यांना मुलांनीच अडवलंय. अमिताभनी 2014 मध्ये सांगितलं होतं, एका लहान मुलीने त्यांना विचारलं की आमच्या बाई ज्याला विष म्हणतात त्याची जाहिरात तुम्ही का करता, आणि त्यांनी त्या शीतपेयाची जाहिरात सोडली. गोपीचंदने तर 2001 ला बॅडमिंटनची ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर, पैशांची गरज असताना, कोलाला नाही म्हटलं. सचिनने दारू-तंबाखूच्या जाहिराती केल्या नाहीत, का, तर वडिलांना शब्द दिला होता. म्हणजे बघा, सचिनच्या घरीही कोणी रोनाल्डो राहत नव्हता, एक प्राध्यापक राहत होते. (कोलाच्या जाहिराती सचिनने केल्या, ते मुलाला अजून कळलेलं नाही, कृपया कोणी सांगू नका.) आणि दंतमंजनाच्या त्या जुन्या जाहिरातीतले राजू आणि मास्तरजी आठवतात ना? अख्खा वर्ग मास्तरांना हसला होता. आज मी त्या मास्तरांच्या जागी उभा आहे.

पण खरी चिंता वेगळीच आहे. आपल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींना आता निरोगी दात नकोयत, त्यांना फोनवर दिसतात तसले दात हवेत, एकसारखे, टाइल्ससारखे पांढरे. आपल्यातल्याच एकीने मला विचारलं, काका, व्हिनीअर्स करू का? (म्हणजे दातांवर चिकटवायचे पातळ पांढरे पापुद्रे.) तिचे दात चांगले आहेत हो, अगदी धडधाकट! व्हिनीअर बसवायला बहुतेक वेळा चांगल्या दाताचं कवच घासावं लागतं, आणि ते परत येत नाही, कवळीवाल्या वॉशिंग्टनलाही हेवा वाटेल असा दात आपण पैसे देऊन घासायचा. मी हे तिला सांगितलं. तिने फोनवर एका हिरोचा आधीचा आणि नंतरचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "पण काका, याचं तर काही बिघडलं नाही." यावर काय बोलायचं मला अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं असेल तर जेवणाच्या रांगेत भेटा, मी गोडाच्या टेबलापाशी असेन.